अठरा हातांचं लुगडं

लुगडेवाली चाची कधी कुणाला सुतळीने मापायची नाही. अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतं चालायला लावायची आणि पायांकडे बघून सांगायची, "सोळा हात." तिच्या हातमागावरचं लुगडं मग असं बसायचं, की कासोटा सुटत नसे आणि निऱ्या पायांत येत नसत. "कापड अंगावर न्हाई, चालीवर बसतं," असं ती म्हणे. आमच्या दिंद्रुड गावच्या बायका तिचा शब्द खाली पडू देत नसत आणि चाचीलाही त्याचा चांगलाच ताठा होता. का नसावा?

लहान पोरींना चौदा हात, मग सोळा. अठरा हातांचं पुरं लुगडं नेसली की पोर मोठी झाली. लहानपणी लग्न लागलेल्या मुलीला मग सासरी नांदायला धाडत. म्हणून माझ्या थोरल्या बहिणीच्या, सखूच्या, सासरची माणसं तलवाड्याहून दर दिवाळीला एकच विचारत, "चाचीनं अठरा सांगितले का?"

शेवटी आईने चाचीला बोलावलं. त्या दिवशी सखू भलतीच चालली. गुडघे वाकवून, खांदे पाडून. चाची असल्या सोंगाने फसते होय?

"सरळ चाल की पोरी. चाचीला बनवती का?"

अंगणातल्या बायका हसल्या. सखू सरळ झाली, पुन्हा चालली.

"अठरा हात," चाची म्हणाली.

पंधरवड्यात सखू तलवाड्याला गेली. पुढच्या वर्षी पहिल्याच बाळंतपणात ती गेली, बाळही गेलं.

चाची भेटायला आली ती ओट्यावर बसलीच नाही. खाली मातीत बसली. आईला म्हणाली, "बाई, पोर वाकून चालत व्हती. मला दिसलं व्हतं. कावून वाकती, ते इचारलं न्हाई म्या."

मग अंगणात चालायची माझी वेळ आली. माझंही लग्न कधीच झालेलं. मी ताठ चालले. चाची म्हणाली, "सोळा." पुढच्या वर्षीही सोळा. तिसऱ्या वर्षी लुगडं पोटऱ्यांवर चढलं, तेव्हा माझी सासू स्वतःच येऊन उभी राहिली.

"चाची, डोळे गेले का तुमचे?"

"गेले असतील बाई," चाची शांतपणे म्हणाली. "सोळाच."

ही गोष्ट गावभर झाली. बायका माजलगावच्या बाजारातून लुगडी आणू लागल्या. चाचीचा माग दिवसचे दिवस बंद राहू लागला. आईला सगळं कळत होतं. ती मुकाट्याने सोळा हातांचं घ्यायची.

मला सतरावं सरलं, तेव्हा चाची आपण होऊन अठरा हातांचं घेऊन आली. मला चालायला लावलं नाही. जवळ बसवून विचारलं, "बेटी, जाती का?"

"जाते," मी म्हणाले.

तिने लुगडं माझ्या मांडीवर ठेवलं आणि पदरात तोंड घालून रडली. "सखूला येवढंच इचारायचं व्हतं," म्हणाली.

मी नांदायला गेले त्याच उन्हाळ्यात चाची वारली. सखूच्या मरणाचं सारं पाप तिने एकटीने आपल्या माथी घेतलं. त्या दिवशी सखू का वाकून चालत होती, हे मला ठाऊक होतं. चाची माप घ्यायला यायच्या आदल्याच दिवशी सखूने माझा हात धरून सांगितलं होतं, "मला जायचं न्हाई." तरी अंगणात सगळ्यांत मोठ्याने मीच हसले होते. हे चाचीला सांगायचा मला धीर झाला नाही.