उघडा मिसळणाचा डबा

कढईतल्या तेलाला धूर यायला लागला, तरी मी मिसळणाचा डबा उघडा धरून उभीच. सात वाट्या समोर, आणि आधी काय घालायचं तेच आठवेना. तीस वर्षं हा हात न बघता फोडणी करत आलाय!

पोट लहान करायच्या ऑपरेशनला दोन महिने झाले. तेव्हापासून डोक्यात नुसतं धुकं आहे. डॉक्टर म्हणतात, "होतं असं. हळूहळू निवळेल." निवळायला मी काय पावसाळ्यातलं पाणी आहे?

तेवढ्यात शेजारच्या वहिनी दारातूनच म्हणाल्या, "अगं बाई, काय बारीक झालीस! ओळखूच येत नाहीस!"

अंगाचा तिळपापड झाला. जाड होते तेव्हा दर हळदीकुंकवाला याच मला ऐकवायच्या, "जरा मनावर घे गं." वजन कमी झालेलं सगळ्यांना दिसतं. आत माणूस हरवत चाललंय, ते एकालाही दिसत नाही.

मी गॅस बंद केला आणि डबा त्यांच्यापुढे धरला.

"वहिनी, फोडणीत आधी काय घालायचं, सांगा."

त्या खळखळून हसल्या. त्यांना गंमत वाटली.

मी डबा तसाच धरून ठेवला, त्यांचं हसू पुरतं ओसरेपर्यंत.