आबांची काळी माती

टिपर भरून निघायच्या बेतात होता आणि आबा त्याच्यापुढे येऊन उभे राहिले. सावेडीच्या टोकाला विलासरावांच्या प्लॉटवर पायाची खोदाई चालली होती. विलासराव नागापूरच्या एमआयडीसीत सुपरवायझर. आबा त्यांचे वडील.

"बाजूला व्हा, आबा," मी म्हणाले.

"माती कुठं चालली ते सांगा आधी."

"दुसऱ्या साईटवर. भरावाला."

"म्हंजी कोनाच्या तरी संडासाखाली?"

मी सिव्हिल इंजिनीअर. काळ्या मातीशी माझं जुनं वैर. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि वरच्या भिंतींना भेगा पाडते. म्हणून ती काढून टाकायची आणि खाली घट्ट मुरूम लागला की तिथून पाया उचलायचा. हे मी आबांना नीट समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि जागचे हलले नाहीत.

"बाई, हितं समदं आमचंच रान हुतं. त्याचे प्लॉट पडले. आता एवढीच माती उरली हाय. हिच्यात जल्म गेला माजा."

जेसीबीचं भाडं तासावर असतं. माझं डोकं तापायला लागलं. विलासराव म्हणाले, "मॅडम, तुम्ही काम चालू ठेवा. मी बघतो त्यांच्याकडे."

तेवढ्यात आबांनी एक ढेकूळ फोडून माझ्या हातावर ठेवलं. "वास घ्या." कॉलेजच्या लॅबमध्ये ही माती किती फुगते ते मोजलं होतं. वास घ्यायचं कधी सुचलं नव्हतं. घेतला. थंड, ओलसर, गोड. का कोण जाणे, मला एकदम भरून आलं. साईटवर रडणं बरं दिसत नाही, म्हणून मी ड्रॉइंग उघडलं आणि माती ठेवायला कुठे जागा निघते ते बघू लागले.

"गच्चीवर टाका की," आबा म्हणाले.

"ओली माती फार जड असते. स्लॅबला झेपणार नाही."

राहिलं बाजूचं मार्जिन, म्हणजे नियमाप्रमाणे घराशेजारी मोकळी सोडायची जागा. तिथे पेव्हर ब्लॉक बसवून गाडी लावायचा विलासरावांचा बेत होता. माती ठेवायची तर पाणी पायाकडे मुरता कामा नये. भिंतीलगत काँक्रीटचा उतरता पट्टा दिला की ते जमत होतं. मी तसं सांगितलं.

"मग गाडी कुठे लावू?" विलासराव म्हणाले.

"रस्त्यावर."

"आणि घरभर चिखल होईल त्याचं काय?"

"पाय धुऊन येत जाईन रं," आबा हळू आवाजात म्हणाले. विलासरावांनीच टिपरवाल्याला हात केला. "मागं घे. तिकडं बाजूला ओत."

घर झाल्यावर पहिला उन्हाळा सरला तशी मी भिंती बघायला गेले. एकही भेग नव्हती. बाजूला मेथीचा वाफा, कुंपणावर घेवड्याचा वेल, आणि आबा अनवाणी, मातीत.

"करमतं का आता?" मी विचारलं.

"लई. सकाळी पाय टेकला की बोलती माज्याशी."

"काय म्हणते?"

"म्हनती, आलास का."

काळ्या मातीवर घर बांधू नये, हे मी आजही सांगते. फक्त आता खोदाईच्या आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारते, ती ठेवायची कुठे.