नानांचा आशीर्वाद, काचेवर

भुसावळच्या हितेंद्रची उंची सहा फुटांच्या वर आणि सासऱ्यांनी लग्नात दिलेली गाडी काडेपेटीएवढी. आत बसला की गुडघे स्टेअरिंगला आणि टाळू छताला. पण सासऱ्यांचं, म्हणजे धुळ्याच्या नानांचं, प्रेम एवढ्यावर थोडंच भागणार? त्यांनी पुढच्या काचेवर वरच्या बाजूला वीतभर रुंद पट्टी चिकटवून घेतली: 'नानांचा आशीर्वाद'. ती नेमकी हितेंद्रच्या डोळ्यांसमोर आली. आता सासऱ्यांचं नाव खरवडायची जावयाची काय बिशाद! बिचारा मान खाली घालून पट्टीखालच्या फटीतून रस्ता बघायचा. जळगावात सिग्नल हिरवा झाला, हे त्याला मागच्या गाड्या हॉर्न वाजवून कळवायच्या. नाना मात्र जो भेटेल त्याला सांगत सुटले, की जावई असावा तर असा, गाडीतसुद्धा आमच्यापुढे मान वर करत नाही!

वर्षभरात हितेंद्रची मान अशी धरली की त्याला घास गिळवेना. नाना धुळ्याहून धावत आले, गाडीभोवती एक फेरी मारून हळहळले, "जवाईबापू, गाडीले नजर लागनी!"

आणि रस्ता दिसायला जेवढी फट उरली होती, तिच्यात स्वतःच्या हातांनी लिंबू-मिरची टांगून गेले.