बर्मिंगहॅममधली अमेरिकन ज्युरी

कवितेच्या तासाला आमचे मास्तर लाकडी डस्टर टेबलावर आपटायचे, ठक् ठक्, आणि वर्ग गप्प व्हायचा. नात सईने बर्मिंगहॅमला बोलावलं तेव्हा तोच आवाज कानात घुमला. तिच्या लॉ कॉलेजात अमेरिकन पद्धतीचा लुटुपुटूचा खटला होता आणि जज हातोडा आपटणार होते. इथे इंग्लंडात खऱ्या कोर्टात हातोडा नसतो हे कळल्यापासून मी जरा खट्टूच होतो.

आमच्या ब्रॅकनेलहून निघून रेडिंगला गाडी बदलली की थेट बर्मिंगहॅमचं न्यू स्ट्रीट स्टेशन. म्हाताऱ्यांना तिकिटात सवलत देणारं सीनियर रेलकार्ड विसरू नका. डब्यात दशम्या घ्या. ट्रेनमधलं सँडविच फक्त थंड असतं.

सई सरकारी वकील होती. जिंकली तर उन्हाळ्यात अमेरिकेतल्या एका कोर्टात काम शिकायची संधी. ज्युरीत एक माणूस कमी पडला, म्हणून मला बसवलं. अमेरिकेत वकील ज्युरीतल्या लोकांना आधी प्रश्न विचारतात आणि नको तो वगळतात. आरोपीचा वकील झालेल्या ओवेनने विचारलं, इथे कोणी ओळखीचं आहे का. मी म्हटलं, सरकारी वकील माझी नात. शनिवारच्या मराठी शाळेत मीच तिला नापास केलं होतं.

ओवेनने मला ठेवून घेतलं.

आरोप सायकलचोरीचा. साक्षीदाराने तिन्हीसांजेला, रस्त्यापलीकडून, चोराचा लाल कोट ओळखला होता. ज्युरीच्या खोलीत बाकी सगळे 'गिल्टी' म्हणाले. मी नाही म्हटलं. संध्याकाळच्या कविता पाठ असलेल्या माणसाला ठाऊक असतं, अंधारताना लाल रंग आधी काळा पडतो. एका बाईंनी पुरावा मागितला. मी चार ओळी म्हणून दाखवल्या, भाषांतरासह. त्यांनी बिस्किटांची बशी पलीकडे सरकवली.

एकमत नाही म्हणजे निकाल नाही. शनिवारी नव्या ज्युरीपुढे खटला पुन्हा. सई स्टेशनवर "नीट जा" एवढंच बोलली आणि नंतर फोन उचलेना.

"बाबा, एकदा हो म्हणायला काय झालं होतं?" मुलगा म्हणाला.

"निरपराध माणूस तुरुंगात गेला असता."

"तो ड्रामा सोसायटीचा होता, बाबा."

एक माणूस अडला तर सगळं थांबतं, ही अमेरिकन सोय मला अजूनही पटते. पण नातीच्या खटल्यात ती वापरल्यावर घर फार शांत होतं.

शुक्रवारी संध्याकाळी बेल वाजली. दारात सई. ती बर्मिंगहॅमला तयारी करत असायला हवी होती.

"आजोबा, मी काल तिन्हीसांजेला लाल कोट रस्त्यापलीकडे टांगून बघितला," ती म्हणाली. "लाल दिसतच नाही. उद्या मी काय करू?"