खोडव्याशी खोडवा

"बदल : जवळपास शून्य." आमच्या केळी संशोधनापुढे पडद्यावर हे शब्द उमटले आणि धुळ्याच्या संशोधन केंद्रांच्या भरल्या आढावा सभेत मी बसल्या जागी थिजलेच. कुठल्या विषयातलं संशोधन दरवर्षी किती बदलतं, हे सगळ्यांना एकच माप लावून मोजलं होतं. संगणक, भौतिकशास्त्र, कापूस सगळे वर, आणि तळाला आम्ही. तळाचं केंद्र बंद होणार होतं. म्हणजे जळगावातल्या माझ्या प्रयोगशाळेला कुलूप!

मोजणी करणारे संख्याशास्त्राचे सर ओळखीचे होते. चहाच्या वेळी त्यांना गाठलंच.

"सर, हे काय भलतंच?"

"मॅडम, तेच शेत, तीच मोजमापं, अहवालाचं शीर्षकही तेच. आमच्या हिशेबात ती नक्कल ठरते."

"नक्कल? अहो, खोडवा आहे तो!"

सरांनी जन्मभर केळी खाल्ली, पण खोडवा कशाला म्हणतात ते काही ठाऊक नव्हतं. पहिली लावणी ती लागण. तिचा घड कापला की बुंध्याशी फुटलेलं एक पिल राखायचं, त्याच मुळांवर दुसरं पीक घ्यायचं. तो खोडवा. मग तो त्याच शेतात नाही मोजायचा तर काय बसस्टँडवर मोजायचा? मी तडतड बोलत सुटले. सर मात्र दिलदार. म्हणाले, "चुकलंच. आता सगळ्या वर्षांची लागणीशी लागण आणि खोडव्याशी खोडवा लावून बघतो."

आम्ही तसं कधी केलंच नव्हतं. खोडवा नेहमी त्याच्या आधीच्या लागणीशीच ताडायचो. घड लहान आला की 'खोडवा हलकाच असतो' म्हणून मोकळे.

पुढच्या आठवड्यात सरांचा फोन आला. "अभिनंदन, मॅडम! तुमचा विषय थेट वरच्या रांगेत. केंद्र वाचलं." मी आनंदाने ओरडलेच. सर म्हणाले, "पण बदल कसला आहे, ते बघा."

त्यांनी पाठवलेला आलेख उघडला. घडाच्या वजनाची रेघ खाली उतरत चालली होती. लागणीची हळूहळू, खोडव्याची भराभर. पाणी तेच, खत तेच. उन्हाळा तेवढा वाढत गेलेला. अगं बाई! माझ्याच हातांनी वजनं केली होती मी, आणि मला दिसलं नाही?

ते शेत रावेरजवळचं, माझ्या धाकट्या भावाचं. दुसऱ्याच दिवशी गेले. तो विळा घेऊन बागेत जादा पिलं कापत होता.

"अक्का, वाचली ना तुझी लॅब?"

"वाचली."

"कशानं वाचली?"

मी मोबाईलवरची ती रेघ दाखवली. सगळं सांगितलं. मग वाकून एका बुंध्याशी आलेलं कोवळं पिल त्याने मुठीत धरलं.

"मग या केयीचं पिल ठेवू का कापू? सांग."