दाताने तोडलेला दोरा

"जबडा दोन ठिकाणी मोडलाय," डॉक्टरबाई स्कॅनवर पेन टेकवत म्हणाल्या. एक भेग डाव्या कानाखाली, दुसरी हनुवटीपाशी. मँडिब्युलर फ्रॅक्चर, म्हणजे खालच्या जबड्याचं हाड तुटणं. मी तोंडावर रक्ताने भिजलेला टॉवेल दाबून बसलो होतो. डोक्यात एकच होतं, बरा झालो की दादाचाही जबडा असाच फोडायचा.

दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. मुरुडला आमची दोघांत एक होडी. होडी न्यायची पाळी कुणाची यावरून किनाऱ्यावरच जुंपली. मी त्याला आईवरून शिवी दिली, आई दोघांची एकच असून. त्याने वल्हं फिरवलं.

अलिबागला बाईंनी दोन पर्याय सांगितले. टायटॅनियमच्या पट्ट्या भक्कम, पण त्या सहसा जन्मभर आत राहतात. दुसऱ्या रिसॉर्बेबल, म्हणजे हाड जुळेपर्यंत धरून ठेवणाऱ्या आणि नंतर वर्ष-दोन वर्षांत शरीरातच विरघळणाऱ्या. त्या जरा नाजूक. बाईंनी बजावलं, "सहा आठवडे पातळ खायचं. दातांनी काही म्हणजे काही तोडायचं नाही."

मी कागदावर लिहिलं, विरघळणाऱ्या. दादाच्या फटक्याची खूण आयुष्यभर तोंडात बाळगायला मी काय खुळा आहे?

ऑपरेशननंतर वरचे-खालचे दात एकमेकांना रबरांनी आवळलेले. नळीने पेज ओढायची आणि रागाने भिंतीवर मूठ आपटायची. बायको म्हणायची, आता हात मोडून घ्या. कुणाला असं ऑपरेशन सांगितलं असेल तर ऐका, दुखणं सोसतं. तोंड बंद करून संताप गिळणं सोसत नाही.

चौथ्या आठवड्यात रबरं निघाली. अंगणात फाटकं जाळं पडलेलं, बसलो सांधायला. गाठ मारली की नायलॉनचा दोरा दाताने तोडायचा, ही लहानपणापासूनची सवय. कातर कोण शोधतो! दात लावले, हिसका दिला. हनुवटीत कट्‌ झालं आणि तोंड रक्ताने भरलं.

मी बायकोला खोटं सांगितलं. म्हटलं, दादाच्या फटक्यानेच परत उकललं.

बातमी पोचली. रिक्षा यायच्या आत दादा अंगणात उभा. हातात तेच वल्हं. ते माझ्या पायाशी टाकून तो म्हणाला, "हाण. माझ्याच हाताने वाटोळं झालं तुझं."

मी उचललं. खरंच उचललं, खांद्यापर्यंत. त्याने डोळे मिटले, पण तोंड फिरवलं नाही. महिनाभर हेच मागत होतो मी. आणि माझी मलाच शिसारी आली.

"दोरा मी तोडला," रक्त थुंकत बोललो. "दाताने."

त्याला समजायला वेळ लागला. मग त्याने मला आईवरून शिवी हासडली आणि धरून रिक्षात बसवलं.

या वेळी बाईंनी विचारलंच नाही, हनुवटीला टायटॅनियम घातलं. कानाखालची पट्टी मात्र टिकली. दोन वर्षांनी तपासलं तर ती विरघळून तिच्या स्क्रूंची भोकंसुद्धा भरली होती.

दादाच्या फटक्याचं आत काही उरलं नाही. थंडीत हनुवटी ठणकते, ती माझी करणी.