सुट्टीत शिकवलेली वाट

अंध मुलांच्या शाळेत मी कारकून आहे, आणि समोरच्या टेबलावरच्या बाईंनी माझं डोकं खाल्लं नाही असा एकही दिवस गेलेला नाही. शाळा संपवून कॉलेजात जाणाऱ्या मुलांना काठीनं वाट शिकवणं हे त्यांचं काम. मुलं त्यांना खुणाबाई म्हणतात. पावलं मोजलेली त्यांना खपत नाहीत. "घाबरलं की पाऊल आखूड पडतं. काठीला काय लागतं ते लक्षात ठेवा. डावी भिंत, मग गटाराचं झाकण, मग नळ."

दर सुट्टीत त्या एकेका मुलाला रिकाम्या कॉलेजात न्यायच्या. पहारेकरी त्यांच्यासाठी खुर्ची काढून ठेवायचा. आठ-आठ दिवस फाटक ते वर्ग, वर्ग ते फाटक. मूल एकटं जायला लागलं की बाई लांब उभ्या राहून बघायच्या. मध्ये बोलायचं नाही, हा त्यांचा नियम. अकरा वर्षांत तेवीस मुलं अशी पोचवली, आणि हा आकडा मला ऐकवल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे.

यंदा एक मुलगी होती. हुशार, तोंडाळ, माझ्या आवाजाची नक्कल करून शिपायाला पळवणारी. तिला इतिहास शिकायचा होता. वडील शिंपी. लेकीवर जीव, म्हणूनच भीती. त्यांनी अट घातली होती: पहिल्या दिवशी फाटकापासून वर्गापर्यंत एकटी गेली तर शिकेल, नाहीतर त्यांच्यासोबत गावी परत.

"बाबा, परतीचं तिकीट एकच काढा," ती म्हणाली होती.

कॉलेजच्या पहिल्या दिवशी तिचे कागद द्यायला मीही गेलो. आमची शाळा सुरू झालेली असायची, म्हणून पहिल्या दिवशी बाई कधी कुणासोबत आल्या नव्हत्या. या वर्षी वडिलांच्या अटीमुळे आल्या. मुलगी फाटकातून निघाली. भिंत दिसतच नव्हती. या टोकापासून त्या टोकापर्यंत मोटरसायकली. गटाराच्या झाकणावरही एक. कॉलेज भरल्यावर इथं काय असतं, हे अकरा वर्षांत ना बाईंच्या डोक्यात आलं, ना माझ्या.

काठी चाकात अडकली. ती सोडवून तिनं पुन्हा भिंत शोधली, तर कोपर आरशावर आपटलं. भोवती नुसता गलका. वळता वळता तिचं तोंड आमच्याकडे झालं. तिला ते कळलं नाही. ती ताठ मानेनं फाटकाकडेच यायला लागली.

"बाई, बोला की काहीतरी!" मी म्हणालो. वडील पुढे झाले आणि त्यांनी तिचा हात धरला.

"इतिहासाच्या वर्गातलं आहे का कुणी?" तिनं विचारलं.

"मी आहे गं," वडील म्हणाले.

बाईंनी आणखी आठ दिवस मागितले, हात जोडले. "तुमचा काही दोष नाही बाई," एवढंच बोलून ते दुपारच्या गाडीनं लेकीला घेऊन गेले.

मग बाईंनी जुन्या मुलांना फोन केले. एकजण म्हणाला, "मी तर पहिला महिनाभर फाटकाशीच उभा राहायचो. कुणी हात धरला की जायचो."

"मग सांगितलं का नाहीस रे?"

"तुम्ही केवढ्या खूश होता, बाई."

कॉलेजच्या प्राचार्यांनी बाईंचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि भिंतीवर 'येथे गाड्या लावू नयेत' असा फलक लावला. आता गाड्या फलकाखाली लागतात.

परवा बाईंनी मुलीला फोन लावला. मलाही ऐकू येत होतं. "तू ये फक्त. या वेळी भर गर्दीत शिकवते. वडिलांशी मी बोलते."

"नको बाई. मी बटणं लावते आता. बाबा म्हणतात, माझ्याइतकी सरळ कुणालाच लावता येत नाहीत."

तिनं नेहमीसारखी माझी नक्कल करावी म्हणून मी बाईंच्या हातातून फोन घेतला. तिनं अगदी नीट, मोठ्या माणसासारखी माझ्या तब्येतीची चौकशी केली.